खामगावचा कापूस आणि तो पारखणारी माणसे



स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मला ‘कामातील निष्ठा आणि कामाचे कौशल्य’ असा विषय दिला आणि जमल्यास जिल्ह्याच्या इतिहासाला धरून लिहा, असे सांगितले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात असा विषय निघाला की कोणाच्याही डोळ्यांपुढे आधी शेगाव येते. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी, ती स्वच्छता, ती शिस्त आणि कै. शिवशंकरभाऊ पाटील. त्याबद्दल माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकतील असे दोघे-तिघे आपल्याच वर्गात आहेत. त्यांच्या वाट्याचे मी घेत नाही. माझी सारी नोकरी कापसात गेली, तेव्हा शेगावच्या शेजारच्या खामगावविषयी, तिथल्या कापूसबाजाराविषयी लिहितो.

कापसाच्या बाजारात एका बाजूला शेतकऱ्याची गाडी असते, दुसऱ्या बाजूला वजनकाटा. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असतो. तो गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, बोटांत धागा ओढून पाहतो आणि एक शब्द बोलतो. त्या एका शब्दावर घरादाराचे वर्ष ठरते. गेल्या दीडशे वर्षांत या माणसाचे नाव बदलत गेले. कधी दलाल, कधी अडत्या, कधी परदेशी पेढीचा खरेदीदार, तर अलीकडे ग्रेडर. काम मात्र तेच राहिले.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना एकदम आपली काळी माती आठवली. चार वर्षांनी युद्ध संपले, भाव खाली आले, पण तोवर वऱ्हाडाला कापसाची सवय लागली होती. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला करत नागपूरला पोहोचली. खामगाव त्या मार्गापासून थोडे बाजूला पडले. पण बाजार एवढा मोठा, की सरकारने खास त्याच्यासाठी जलंब ते खामगाव असा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. (गंमत अशी, की तेव्हा खामगाव आपल्या जिल्ह्यात नव्हतेच. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. शाळेत इतिहासाच्या तासाला हे सांगितल्याचे मला आठवत नाही. सांगितले असेल तर मी तेव्हा मागच्या बाकावर होतो.)

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा सुरू झाला होता. तारायंत्र आधीच आले होते. लिव्हरपूलचा भाव आता खामगावला तारेने कळू लागला आणि खामगावचा कापूस आगबोटीने काही आठवड्यांत तिकडच्या धक्क्यावर उतरू लागला. तिकडे आपल्या भागातल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीच्या जुन्या नावावरून पडलेले ते नाव. खामगावचे नावही त्या यादीत असे.

पण नावाबरोबर बदनामीही गेली. कापसावर पाणी मारायचे, आत पत्ती-कचरा आणि सरकी दडपायची, लांब धाग्यात आखूड धागा मिसळायचा, हे प्रकार युद्धाच्या तेजीत फार बोकाळले. गाठ एकदा दाबून बांधली की तिच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला, तपासनीस नेमले, शिक्षा ठरवल्या. वीस वर्षांच्या आत तो कायदा गुंडाळावा लागला. माझ्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कायदा लबाडीला शिक्षा देऊ शकतो. पण ही गाठ लबाडीची आणि ही नुसत्या ओल्या वर्षाची, हे कोणीतरी हातात घेऊन ओळखावे लागते, आणि ओळखल्यावर तसे बोलावेही लागते.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी त्या काळी सरकारने एक कॉटन कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कारनॅक नावाचा. चांगल्या धाग्याचा कापूस टिकावा म्हणून त्याच्या खात्याने हिंगणघाटकडचे बियाणे इकडे आणून पाहिले. आपल्याकडे पूर्वी ‘बनी’ नावाचा कापूस होता. धागा लांब, मऊ, रेशमासारखा. मात्र त्यात रुईचा उतारा कमी, चौथ्या हिश्श्याच्या आसपास. त्याच्या जोडीला ‘जरी’ नावाचा आखूड धाग्याचा मिश्र कापूस असे आणि पुढे रोझियम जातीचा आला. त्यांचा धागा जाडाभरडा, पण उतारा भरपूर आणि पीकही हमखास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बनी मागे पडत गेला आणि जरी-रोझियम सगळीकडे पसरले.

याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बाजारात उभ्या असलेल्या माणसाने बनीच्या गाडीला आणि जरीच्या गाडीला जवळपास सारखाच भाव दिला, तर शेतकरी बनी कशाला पेरील? खरेदीदाराला फरक कळत नव्हता, किंवा कळूनही तो पैसे देत नव्हता. दोन्हींचा परिणाम शेतात एकच झाला. पारखणाऱ्याच्या एका शब्दाने गाडीचा भाव ठरतो हे सगळे जाणतात. अशा हजारो शब्दांनी मिळून एका प्रांताचे बियाणे बदलते, हे सहसा कोणी मनावर घेत नाही.

पुढच्या काळात स्वित्झर्लंडच्या व्होल्कार्ट बंधूंसारख्या परदेशी पेढ्या खामगावात आल्या. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, धुराडी दिसू लागली. बाजारात भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार एका कापडाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी बोलायचे आणि ज्याचा कापूस आहे तो बाजूला उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहायचा. मापारी वजन मोजताना पहिल्या धडीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असे. लाभ कोणाचा, ते विचारायची सोय नव्हती. हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी होणारी कपात वेगळीच.

याला आळा घालण्याची सुरुवात मात्र देशात सगळ्यांच्या आधी आपल्या वऱ्हाडात झाली, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. १८८६ मध्ये कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. पुढे अनेक प्रांतांनी असे कायदे केले ते याच्या पाठोपाठ. दलाल आणि मापारी यांना परवाने आले, बाजार समित्या आल्या. समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाने त्यावर बोट ठेवले. तरीपण मापाऱ्याला परवाना लागू लागला यात एक मोठी गोष्ट मान्य केली गेली. वजन करणे हे कोणीही करावे असे काम नाही. ते शिकावे लागते आणि चुकीचे केले तर काढून घेतले जाते.

१९२० च्या दशकात यात आणखी भर पडली. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२४ मध्ये मुंबईला माटुंग्यात कापसाची प्रयोगशाळा निघाली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली त्याची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे झाले. या शेवटच्या तरतुदीचे मला फार कौतुक वाटते. निनावी गाठीत कचरा घालायला हात कचरत नाही. नाव असलेल्या गाठीत घालताना थोडा तरी कचरतो. अमेरिकेनेही त्याच सुमारास, १९२३ मध्ये, कापसाच्या प्रतींचा कायदा करून पारख करणाऱ्यांना परवाने देण्यास सुरुवात केली.

आता मधली वर्षे सोडून देतो आणि आपल्या काळात येतो.

१९७१ मध्ये महाराष्ट्राने कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेतच विकायचा. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ती रांग पाहिली आहे. केंद्राबाहेर दीड-दोन मैल बैलगाड्या, रात्री गाड्यांखाली झोपलेली माणसे, शेकोट्या, चहाच्या टपऱ्या. शाळेत जाताना आपण गाड्या मोजत जायचो. रुमाल गेला होता, दलाल गेला होता. त्याच्या जागी ग्रेडर आला होता.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि ग्रेडर म्हणून लागलो. कोणत्या केंद्रावर, ते इथे सांगत नाही. वय तेवीस. घरून बजावून सांगितले होते, की कोणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मी घेत नसे. मनात एक ताठा होता, की आपण पैसे खात नाही म्हणजे आपले काम चोख आहे.

डिसेंबरातली पहाट होती. रांगेत रात्र काढलेली एक गाडी पुढे आली. गाडीवान म्हणजे आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील. त्यांनी मला ओळखले. मी गाडीच्या वरच्या थरात मनगटापर्यंत हात घातला. कापूस गार आणि ओलसर लागला. मी ओल धरली आणि प्रत खाली लावली. गाडीत आठेक क्विंटल माल असेल. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “बाबू, तू आमच्या पोराच्या वर्गातला. तू काय खोटं करशीन?” आणि पावती घेऊन काट्याकडे गेले.

दुपारी गंजीवर काम करणारा एक म्हातारा मजूर माझ्याजवळ आला. तिथे पंचवीस-तीस वर्षे कापूस तुडवत असलेला माणूस. म्हणाला, “साहेब, सकायची ती गाडी कोरडी होती. वर दव होतं.” मग त्याने मला गंजीजवळ नेले. हात कोपरापर्यंत आत घालायला लावला. ओला कापूस आतून गरम लागतो, कारण गंजीत तो तापतो, आणि मग पिवळा पडतो. कोरडा आत कोमट-कोरडाच राहतो. त्याने एक बोंड उकलून सरकी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “दाताखाली धरा.” सरकी कट् करून फुटली. दुसरीकडून, खरोखर ओल्या मालातून, एक काढून दिली. ती दाताखाली नुसती चेपली. पदवीच्या चार वर्षांत हे मला कोणी दाखवले नव्हते. कदाचित दाखवलेही असेल आणि परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी विसरलो असेन.

आता जे घडले ते लिहायला मला इतकी वर्षे लागली. चूक दुपारी कळली होती. गाडीवाला अजून आवारातच होता, चुकाऱ्याच्या कागदासाठी थांबलेला. पुन्हा पाहणी करून प्रत दुरुस्त करता आली असती. मी केली नाही. पहिलाच हंगाम, ग्रेडर चुकला असे रांगेत पसरले तर उद्या प्रत्येक गाडीवाला भांडेल, वरचे काय म्हणतील, हे सगळे मनात आले आणि मी गप्प राहिलो. सकाळी माझ्याकडे नुसते कौशल्य नव्हते. दुपारी प्रामाणिकपणाही गेला होता, आणि तो कोणाच्या पैशाने गेला नव्हता. ज्याला काम येत नाही त्याला आपले न येणे झाकावे लागते, आणि झाकायला लागले की खोटे आलेच. हे मला त्या दिवशी कळले.

याच्या उलटही पाहिले. एक ज्येष्ठ सहकारी होते. नजर अशी, की मूठभर कापूस पाहून घाटावरचा की घाटाखालचा ते सांगत. चिखली-मेहकरकडचा माल, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला माल, सगळे हातात ओळखू येई. पण ते कापसाआधी माणूस पाहत. सातबारा एकाचा, माल दुसऱ्याचा, आणि गाडी रांगेत नसतानाही पुढे, असा प्रकार असला की त्यांची नजर एकदम मंदावे. मी शिकाऊ होतो तोवर मला ते फार मोठे वाटायचे. मग हळूहळू लक्षात आले, की त्यांची पारखच बिघडत चालली आहे. वर्षानुवर्षे हात एक सांगत असताना तोंडाने दुसरे बोलायचे, यात शेवटी हातही बोथट होतो. निवृत्तीच्या सुमारास साध्या कवडी कापसावरही ते चुकत. त्यांना ते जाणवत होते की नाही, कोण जाणे.

मी मात्र त्या म्हाताऱ्याकडे दोन हंगाम शिकलो. रोज संध्याकाळी, केंद्र बंद झाल्यावर, वीस मुठी. त्याने प्रत सांगायची, मी सांगायची, मग सरकी फोडायची, धागा फुटपट्टीवर मांडून मोजायचा. सुरुवातीला वीसपैकी अकरा-बारा जुळत. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस अठरा-एकोणीस. हे करताना मला आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची सारखी आठवण यायची. प्रयोगशाळेत मिठाची पुडी तीनदा तोलायला लावायचे, आणि तिन्ही वजने एकसारखी आली तर उलट संशयाने पाहायचे: “नक्की तोललंस का रे, की पहिलंच तीनदा लिहिलंस?” तेव्हा आपण हसायचो. सर हा अंक वाचणार आहेत, म्हणून कबूल करतो: मी पहिलेच तीनदा लिहीत असे.

हात बसल्यावर एक फरक पडला. लोकांसमोर चूक दुरुस्त करायला भीती वाटेनाशी झाली. एखाद्या शेतकऱ्याने तक्रार केली तर मी गाडी पुन्हा उपसायला लावायचो, त्याच्यासमोर सरकी फोडायचो, कधी त्याच्याच दाताखाली द्यायचो. आठवड्यातून एखादी प्रत बदलावी लागे. रांग त्याने वाढली नाही. भांडणे मात्र कमी झाली. वरून दबावाचे फोन येत, तेव्हाही “ओल किती आहे ते या आणि पाहा” एवढे उत्तर पुरत असे. नुसते ‘मी प्रामाणिक आहे’ म्हणणाऱ्याला ते उत्तर देता येत नाही.

२००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपत आला. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि जुन्या वाणांची नावे मागे पडली. आता आर्द्रता मोजायचे यंत्र आहे. कॉटन कॉर्पोरेशन ८ ते १२ टक्क्यांपर्यंतची ओल धरून भाव लावते. लांबी, ताकद, तलमपणा, सगळे यंत्र छापून देते. हे चांगलेच झाले. मात्र यंत्राची सुई गाडीत कुठे खुपसायची, वरच्या दवात की कोपरभर आत, हे अजून माणूसच ठरवतो. २०२० च्या टाळेबंदीत ग्रेडर पुरेसे नसल्याने कापूसखरेदी रखडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. जुने निवृत्त झाले, नवे तयार केले नाहीत. तेव्हा माझ्यासारख्या काही म्हाताऱ्यांना फोन आले होते. मला दिसायला कमी झाले आहे म्हणून मी गेलो नाही.

हा लेख छपाईला देण्याआधी मी त्या वर्गमित्राला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात, बाजारात भेटलो, पण ही गोष्ट मी कधी काढली नव्हती. त्याचे वडील आता नाहीत. सगळे सांगितले, दव, गंजी, सरकी, आणि दुपारी गप्प राहिलो तेही. त्या दिवशीचा फरक मी तेव्हाच रात्री वहीत काढून ठेवला होता, तो आकडाही सांगितला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांनी घरी काही सांगितलं नव्हतं. धाकट्याला त्या साली अकोल्याला होस्टेलात टाकायचं होतं, ते पुढच्या साली झालं. कशामुळं, ते आम्हाला माहीत नव्हतं.” लेखात लिहू का, असे विचारल्यावर म्हणाला, लिही, नाव टाकू नको.

मेळाव्याला येतो आहे. पंगतीत शेजारी जागा धरून ठेव, म्हणाला.